आमराईतील संगणकवार्ता

या अंकासाठी आम्ही एखाद्या पुस्तकाचे परीक्षण लिहावे, असे ठरले होते. ते बाजूला ठेवून आज आम्ही एका संभाषणाचे परीक्षण करीत आहोत. वाचकांस हे कदाचित चमत्कारिक वाटेल. परंतु ग्रंथ छापला जाण्यापूर्वीही वाङ्मय असतेच. कीर्तन, पुराण आणि ओसरीवरच्या गप्पा यांतूनच आपली भाषा घडली. मग आजच्या तरुणांच्या गप्पांतून ती कशी घडते किंवा बिघडते आहे, हे पाहणे टीकाकाराच्या कर्तव्याबाहेरचे कसे म्हणावे?

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघाले म्हणजे हिंडलगा, सुळगा ओलांडल्यावर उचगावचा फाटा लागतो. मळेकरणी देवीचे हे गाव. मराठी साहित्य संमेलने भरविण्याची या गावाची निष्ठा सीमाभागात सर्वश्रुत आहे. एका मंगळवारी देवीचे दर्शन आटोपून आम्ही आमराईत विसावलो होतो. शेजारच्याच सावलीत पाचसहा तरुण बसले होते. पुण्यात व बंगळूरात संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याचा त्यांचा व्यवसाय. सुटीला गावी आलेले, आणि त्यांतला एक त्यांचा कारवारकडील कोंकणीभाषी मित्र. संगणकजगातील अलीकडच्या घडामोडींवर त्यांचे बोलणे रंगले होते. आम्ही ते दोन तास ऐकले. त्यांना ठाऊक असूनही त्यांनी आम्हांस उठविले नाही, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो.

आरंभी गुण सांगू. कारण ते थोडे नाहीत.

पहिला गुण सत्यनिष्ठेचा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या संरक्षक प्रणालीत एक सुधारणा धाडली आणि जगभरचे संगणक एकाएकी बंद पडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने त्यांची संख्या ८५ लाख होती. विमाने खोळंबली, आणि आपल्या देशातही काही प्रवाशांना प्रवेशपत्रे हाताने लिहून द्यावी लागली. या गोष्टीची चर्चा करताना त्या मुलांनी 'कोणी केले' हा प्रश्न फारसा विचारला नाही. 'कसे झाले' हाच त्यांचा प्रश्न. आपल्या देवस्थान समित्यांच्या सभा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या दोन प्रश्नांतील अंतर सांगावयास नको. हिशेबात चूक निघाली की आपण माणूस शोधतो. ही मुले कारण शोधतात. एकाने तर स्वतःच्या हातून नोकरीच्या पहिल्या वर्षी झालेली चूक सर्वांसमक्ष खुलासेवार सांगितली. ती ऐकून कोणी हसले नाही. उलट तिच्यावर चार प्रश्न विचारले. असा कबुलीजबाब देण्याचे धैर्य आमच्या पिढीत दुर्मिळ होते.

दुसरा गुण सूक्ष्म अवलोकनाचा. २९ मार्च २०२४ रोजी उघडकीस आलेले एक्सझेड प्रकरण त्यांनी असे रंगवून सांगितले की आख्यानकाराने हेवा करावा. एक्सझेड हे माहिती संकुचित करून साठविण्याचे एक मोफत साधन. लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य संगणकांत ते असते. त्याची देखभाल लासे कॉलिन नावाचे एक फिनलंडवासी गृहस्थ विनावेतन करीत. हे हौसेने चाललेले काम आहे, आणि आपली शक्ती अपुरी पडते, असे त्यांनी २०२२ साली लिहूनही ठेवले होते. 'जिया टॅन' असे नाव धारण केलेल्या कोणा व्यक्तीने त्यांना दोनतीन वर्षे मदत केली, विश्वास संपादन केला, आणि शेवटी त्या साधनात एक चोरदरवाजा बसविला. तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, असे दिसले. अर्ध्या सेकंदाचा हा माणूस कंटाळा न करता माग काढीत गेला, म्हणून मोठा अनर्थ टळला.

ही कथा ऐकताना आमच्या डोळ्यांसमोर आपली कितीतरी देवळे उभी राहिली. उत्सवाला हजारो लोक जमतात, पालखीला खांदा द्यायला स्पर्धा असते. परंतु रोज पहाटे गाभारा झाडणारा, समईत तेल घालणारा गुरव मात्र एकटाच असतो. तो आजारी पडला तर विचारपूस करायला कोणी नाही. मग 'मी करतो तुमची सेवा' म्हणून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाती तो किल्ल्या देईल, यात नवल ते काय? दोष किल्ल्या देणाऱ्याचा नव्हे. त्याला एकटे टाकणाऱ्या भक्तांचा. त्या तरुणांनीही शेवटी हाच निष्कर्ष काढला, आणि तो आम्हांस फार मोलाचा वाटला.

आता दोषांकडे वळू.

पहिला दोष असा, की या मुलांना कालची बातमी ठाऊक आहे, पण परवाचा इतिहास ठाऊक नाही. परदेशी कंपन्यांच्या संस्थापकांची चरित्रे त्यांना मुखोद्गत आहेत. परंतु भ्रमणध्वनीवर ती ज्या नागरी लिपीत घरच्यांना निरोप धाडतात, ती तेथवर पोचली कशी, हे आम्ही विचारले तेव्हा सारे स्तब्ध झाले. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिप्यांसाठी केलेले कार्य, लिपींच्या ध्वनिशास्त्रीय रचनेचे ल. श्री. वाकणकरांनी केलेले चिंतन, किंवा विंडोजवर ज्या 'मंगल' अक्षरांत कोट्यवधी लोकांनी नागरी वाचली ती रेखाटणारे र. कृ. जोशी — यांपैकी एकही नाव त्यांच्या बोलण्यात आले नाही. आपल्या लिपीत 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द निराळे लिहावे लागतात. हा भेद यंत्राला शिकविला नसता, तर महाप्रसादाच्या दिवशी गुरूंची दक्षिणा स्वयंपाक्याच्या नावावर पडली असती! हा भेद कोणीतरी जाणून जपला. त्या जपणाऱ्यांचे ऋण निदान या व्यवसायातील मराठी माणसाने तरी ओळखावे.

दुसरा दोष भाषेचा, आणि येथे आमच्याविषयी गैरसमज होऊ नये. त्यांच्या वाक्यांत नामे सारी इंग्रजी आणि क्रियापदे तेवढी मराठी होती, ही आमची तक्रार नव्हे. शिवकालात राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, तरी 'दप्तर' आणि 'कारखाना' आपल्या तोंडी राहिलेच. शब्द परका आहे म्हणून भाषा मरत नाही. ती मरते तेव्हा, जेव्हा तिच्यातून कारण सांगता येईनासे होते. त्यांच्यापैकी एकाची आई डबा घेऊन आली आणि सहज म्हणाली, "एवढं काय बोलताय रे?" तेव्हा मुलगा म्हणाला, "तुला नाही कळायचं, आई." या चार शब्दांत आम्हांस त्या दोन तासांतील सर्वांत मोठा दोष दिसला.

हा दोष केवळ शिष्टाचाराचा असता, तर आम्ही त्यावर शाई खर्च केली नसती. आमच्या परिचयातील एका वृद्ध गृहस्थांना दूरध्वनी आला. आपण पोलीस अधिकारी आहोत, तुमच्या नावे गुन्हा आहे, दाराबाहेर पडू नका, असे चित्रध्वनीवर गणवेशातील मनुष्याने दरडावले, आणि जन्माची पुंजी त्यांनी आपल्या हाताने दुसऱ्याच्या खात्यात घातली. या 'डिजिटल अटके'विरुद्ध पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ रोजी 'मन की बात'मधून देशाला सावध केले होते. अशी अटक कायद्यात नाहीच. त्या गृहस्थांचा मुलगा याच व्यवसायात आहे. ही फसवणूक कशी चालते हे त्याला खडान्‌खडा माहीत होते. मित्रांशी तो त्यावर बोललाही होता. घरी मात्र बोलला नव्हता. 'बाबांना काय कळणार!' ज्ञान घरात होते. माजघरापासून ओसरीपर्यंतचे अंतर तेवढे ते ओलांडू शकले नाही.

बरे, सांगितले तर कळत नाही, हे तरी खरे आहे काय? त्याच आमराईत त्याचा उलट पुरावा मिळाला. दूर्वा निवडीत बसलेल्या एका आजींनी विमानांच्या गोंधळाची गोष्ट पुन्हा सांगायला लावली. तेव्हा एक मुलगा क्षणभर थांबून म्हणाला, "आजी, गणपतीला एकवीस दूर्वांची जुडी लागते ना? यंत्राला एकवीस मोजायला सांगितलं, आणि हातात दिल्या वीसच. एकविसावी शोधायला ते भलतीकडे गेलं आणि कोसळलं." कंपनीच्या स्वतःच्या अहवालातील तपशील हाच आहे: नमुन्यात २१ रकाने आणि पुरविलेली मूल्ये २०. आजी म्हणाल्या, "मग मोजणारं कोण नव्हतं काय रे?" मुले चकित झाली, कारण प्रश्न नेमका तोच होता. चाचण्या झाल्या होत्या. परंतु त्या एकविसाव्या जागी काहीही चालेल, असेच त्या चाचण्यांत धरले होते, म्हणून उणीव उघडी पडली नाही. दूर्वांच्या जुडीवरून एका निरक्षर स्त्रीने या धंद्याच्या मर्मावर बोट ठेवले. न कळण्याचा दोष ऐकणाऱ्याचा असतो, की सांगण्याचे कष्ट टाळणाऱ्याचा?

तिसरा दोष आम्हांस अधिक खेदाचा वाटतो. तो म्हणजे हाती आलेले मोती टाकून देण्याचा. बोलता बोलता कारवारकडील तरुण म्हणाला की कोंकणीत बोललेले त्याच्या यंत्राला उमजत नाही: "म्हजें उलोवप ताका कळना." त्यावर दुसरा म्हणाला, "निदान लिपीचं तरी सोपं आहे. कानडीतून नागरीत आणायचं तर ८९६ वजा कर, झालं." आणि लगेच सारे नव्या कोणत्याशा यंत्राच्या बातमीकडे वळले. आम्ही त्यांना थांबवून खुलासा विचारला. तो असा: युनिकोड या जागतिक संकेतात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक आहे. नागरी 'क'चा क्रमांक २३२५ आणि कन्नड 'क'चा ३२२१, अंतर ८९६. 'म'चे २३५० आणि ३२४६; अंतर पुन्हा ८९६. 'ळ'चेही तेवढेच. हा योगायोग नव्हे. आपल्याकडे भारतीय लिप्यांसाठी जो समान संकेत तयार झाला, त्यात सर्व लिप्या एकाच वर्णमालेच्या चौकटीत बसविल्या होत्या, आणि युनिकोडने तीच चौकट स्वीकारली. कन्नडमधील ऱ्हस्व 'ए'-'ओ' यांसारख्या स्थळी काळजी घ्यावी लागते. बाकी मार्ग सरळ आहे.

ज्या गावात हे वाक्य उच्चारले गेले, तेथे त्याचे मोल काय आहे पाहा. कर्नाटक शासनाने २००० च्या सुमारास 'भूमी' योजनेखाली जमिनीच्या नोंदी संगणकावर आणल्या. त्या कन्नडमध्ये आहेत. उचगावच्या मराठी शेतकऱ्याला आपल्याच शेताचा उतारा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. सीमाप्रश्न ज्यांच्या अधिकारातला, त्यांनी तो सोडवावा. कन्नडशी आमचे वैर नाही, ती आमची शेजारीण आहे. परंतु उताऱ्यावरील आपले नाव, गावाचे नाव, शिवाराचे नाव तरी त्या शेतकऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यावे, यासाठी ८९६ ची वजाबाकी पुरेशी आहे. हीच वजाबाकी कर्नाटकातील आमच्या कोंकणी बांधवांनी कन्नड लिपीत लिहिलेले वाङ्मय गोव्यातील वाचकापुढे नागरीत ठेवू शकेल. दोन लिप्यांमधले जे अंतर आपण डोंगराएवढे समजत होतो, ते चौथीतल्या मुलाला कापता येण्याजोगे निघाले. आणि ते जाणणारे तरुण त्याची एका वाक्यात वाट लावून पुढच्या बातमीकडे गेले!

यावर कोणी म्हणेल, आता यंत्रेच भाषांतर करतात. गुगलच्या भाषांतरात मे २०२२ मध्ये कोंकणीही आली. मग माणसाने शीण का करावा? परंतु यंत्र जे शिकते, ते कोणीतरी आधी लिहिलेले असते. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत रोमन अक्षर एका बाइटमध्ये मावते आणि आपल्या नागरी अक्षराला तीन लागतात. जागा आपल्याला तिप्पट लागते आणि लिहिणारे मात्र थोडे. चोरदरवाजा म्हणजे काय, फसवणूक कशी चालते, हे मराठीत व कोंकणीत कोणी लिहिलेच नाही, तर यंत्र तरी कोठून आणून सांगणार? आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही.

एकंदरीत आमचा अभिप्राय असा: या तरुणांची विद्या खरी आहे, वृत्ती निर्मळ आहे, आणि कथनशक्ती तर उत्तमच आहे. त्यांत उणे आहे ते श्रोत्यांचे. आपसांत बोलून त्यांचे बोलणे संपते. आमचे मागणे मोठे नाही. महिन्यातून एका संध्याकाळी, आरतीनंतर, देवळाच्या सभामंडपात या मुलांपैकी एकाने उभे राहावे आणि त्या महिन्यातील एक बातमी आपल्या भाषेत सांगावी. मराठीत सांगावी, कोंकणीत सांगावी, हवे ते इंग्रजी शब्द खुशाल घ्यावेत. पूर्वरंगात कारण सांगावे, उत्तररंगात कथा. देवस्थान समितीने फक्त सतरंजी आणि दिवा पुरवावा. साहित्य संमेलनाच्या चालकांनीही एक सत्र या विषयाला द्यावे. कवींची त्यास हरकत असणार नाही, असा आम्हांस विश्वास आहे.

आम्ही उठलो तेव्हा आजींची दूर्वांची जुडी बांधून झाली होती. त्या मुलाकडे जुडी देत त्या म्हणाल्या, "मोजून घे बाबा." त्याने ती खरोखरच मोजली.