अध्याहार आणि प्रक्षेप : कथेतील तुटीच्या दुरुस्तीविषयी

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. तिच्या मुख्य पाठाची चर्चा पुष्कळ झाली आहे. मुख्य पाठातून वगळलेल्या आणि तळटिपांत व परिशिष्टांत जपून ठेवलेल्या मजकुरावर मात्र बहुधा 'प्रक्षेप' असा एकच शिक्का मारला जातो. वस्तुतः हा मजकूर म्हणजे शेकडो वर्षांच्या कथेकऱ्यांनी व लेखनिकांनी एका मोठ्या कथेत केलेल्या दुरुस्त्यांचे दप्तर होय. त्यात भक्ती आहे, वर्णनाचा सोस आहे, नुसती हौसही आहे. परंतु कथेत कोठे तूट भासली, श्रोत्याने 'असे का?' म्हणून विचारले, आणि ती तूट भरण्यासाठी काही रचले गेले, असाही एक ठळक प्रकार त्यात आढळतो. या प्रकाराचे गुणदोष ठरविण्यास स्वतंत्र कसोटी हवी. संपादकाने वगळली म्हणून दुरुस्ती वाईट ठरत नाही, आणि लोकांनी डोक्यावर घेतली म्हणून ती चांगलीही ठरत नाही.

छापील पुस्तकाचा वाचक अशी तूट पाहून पान उलटतो. समोर बसलेला श्रोता मात्र कथेकऱ्याला अडवितो. नैमिषारण्यात शौनक विचारतो आणि सौती सांगतो. सर्पसत्रात जनमेजय विचारतो आणि वैशंपायन सांगतो. महाभारताची बैठकच प्रश्नाची आहे. या बैठकीचे एक अर्वाचीन आणि अनपेक्षित रूप १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात दिसते. मेजाभोवती चारसहा मंडळी बसतात; एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे एकेक पात्र पत्करून त्याने काय करावे ते ठरवितात, आणि धाडस साधले की फसले याचा निर्णय फाशांवर होतो. महिनोन्महिने चालणाऱ्या अशा कथानकांची पुस्तके छापून विकली जातात. पुस्तक लिहिणारा मेजाशी नसतो. प्रश्नांना तोंड द्यावे लागते ते सूत्रधारास.

२०१४ साली निघालेल्या 'होर्ड ऑफ द ड्रॅगन क्वीन' या अशाच पुस्तकाचा आरंभ पाहण्याजोगा आहे. एका गावावर लुटारू तुटून पडले आहेत, वर आकाशात अजस्र ड्रॅगन घिरट्या घालीत आहे, आणि अगदी नवख्या पात्रांनी त्या गावात शिरावे अशी पुस्तकाची अपेक्षा आहे. शहाणा खेळाडू विचारतो, का शिरावे? सूत्रधारास येथे दोन मार्ग आहेत. ड्रॅगनच काढून टाकला की भीती गेली आणि अडचणही गेली. परंतु पुढील साऱ्या कथानकाला ज्या संकटाची चाहूल हवी, तीही त्याबरोबर गेली. उलट एखाद्या पात्राची बहीण त्या गावात नांदते असे मानले, तर छापलेला प्रत्येक शब्द खरा राहून शिरण्यास कारण मिळते.

शब्दशास्त्राला हा भेद अपरिचित नाही. न उच्चारलेला पण वाक्यार्थाला आवश्यक असलेला शब्द गृहीत धरणे म्हणजे अध्याहार. मीमांसकांची अर्थापत्ती त्याच जातीची : धष्टपुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही असे कळले, की तो रात्री जेवतो असे मानावे लागते. यातील मर्यादा मोलाची आहे. आधीची दोन्ही विधाने खरी ठेवूनच तिसरे मानावयाचे, आणि तेही गरजेपुरतेच. रात्री पानात काय होते आणि कोणी वाढले, हे सांगण्याचा अधिकार अर्थापत्तीस नाही. कथेतील दुरुस्तीलाही हेच विचारता येते : भरलेला मजकूर मागच्यापुढच्या मजकुरास खोटा किंवा निरर्थक पाडतो काय?

वस्त्रहरणाच्या प्रसंगास ही कसोटी लावून पाहावी. फ्रँकलिन एडगर्टन यांनी संपादिलेल्या सभापर्वाच्या मुख्य पाठात वस्त्र ओढले जाताच तसेच दुसरे प्रकट होते, एवढेच आहे. ते कोणी पुरविले याचा उल्लेख नाही. श्रोत्याचा प्रश्न अपरिहार्य होता, आणि प्रचलित पाठाने द्रौपदीकडून कृष्णाचा धावा करवून तो सोडविला. कीर्तनांतून, नाटकांतून, चित्रपटांतून तेच उत्तर रूढ झाले. परंतु वनपर्वात पांडवांना भेटलेला कृष्ण सांगतो की तो त्या वेळी शाल्वाशी झुंजत होता, द्यूताची हकीकत त्याला परतल्यावर सात्यकीकडून कळली, आणि तो जवळ असता तर द्यूतच होऊ दिले नसते. जो अदृश्यपणे वस्त्रे पुरवीत होता त्याला ही वार्ता मागाहून दुसऱ्याच्या तोंडून कळावी, ही नवी तूट झाली. भक्ताला ती दिसणार नाही, आणि त्याच्याशी वाद घालण्याचे कारणही नाही. त्याचा प्रश्न मुळातच वेगळा असतो.

धाव्याच्या बाजूने एक पुरावा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. उद्योगपर्वात संजयाबरोबर निरोप पाठविताना कृष्ण म्हणतो की दूर असलेल्या त्याला द्रौपदीने गोविंद म्हणून हाक मारली, त्याचे ऋण वाढत चालले आहे, ते मनातून जात नाही. हे स्थळ मुख्य पाठातच आहे. तेव्हा तिने हाक मारली, इतका अध्याहार सभापर्वात करण्यास हरकत नाही. पण हाकेला ओ मिळाली असेल तर ऋण कशाचे? हाक आली आणि पोचता आले नाही, ही टोचणी मनात घेऊन शिष्टाईस निघालेला कृष्ण प्रचलित दुरुस्तीत हरवतो. तूट बुजली, आणि तिच्याबरोबर पुढच्या पर्वातील एक सबंध वाक्य निकामी झाले.

सूतपुत्रास वरणार नाही, हे स्वयंवरातील द्रौपदीचे सुप्रसिद्ध उद्गारही मुख्य पाठात नाहीत. सभेत कर्ण इतका विखारी का, या प्रश्नाचे ते सोयीचे उत्तर आहे. त्याने पुढचे काही खोटे पडत नाही. मात्र सभेतील अत्याचार हा जुना हिशेब ठरतो, आणि दोषाचा वाटा नकळत द्रौपदीच्या पदरी पडतो. ही किंमत थोडी नव्हे.

याच्या उलट गणेश लेखनिक झाल्याची कथा. व्यासांनी थांबता कामा नये ही गणेशाची अट, अर्थ कळल्यावाचून लिहू नये ही व्यासांची. म्हणून अधूनमधून कूटश्लोक. काही श्लोक इतके दुर्बोध का, याचे इतके खेळकर उत्तर दुसरे सापडणार नाही. मौखिक परंपरेत लेखणी अवतरते एवढाच काय तो कालविपर्यास. गणपतीच्या पुण्यातच ही कथा परिशिष्टात गेली, आणि संपादनदृष्ट्या ते योग्यच झाले. दुरुस्ती म्हणून ती पहिल्या प्रतीची आहे.

विदुर हाच युधिष्ठिराचा पिता असावा काय, ही 'युगान्त'मध्ये (१९६७) इरावती कर्वे यांनी मांडलेली शक्यता शुद्ध अर्थापत्तीची आहे. दोघांचाही धर्माशी असलेला संबंध आणि अंतकाळी विदुराने योगबलाने युधिष्ठिराच्या देहात केलेला प्रवेश, ही ग्रंथातील विधाने जागच्या जागी ठेवूनच ती उभी राहते.

१९२५ पासून १९४३ पर्यंत प्रमुख संपादक असलेल्या विष्णु सीताराम सुकथनकरांच्या शास्त्रात दुर्घट पाठ अधिक विश्वसनीय असतो. सोपा पाठ संशयास्पद. यावरून कथेकऱ्यानेही तूट तशीच ठेवावी असा निष्कर्ष विद्यार्थी कधीकधी काढतात. तो चुकीचा आहे. संपादकासमोर प्रती असतात, श्रोता नसतो. मात्र एक तूट खुद्द कथेनेच पात्राच्या तोंडी घातली आहे : आधी स्वतःला हरलेल्या युधिष्ठिरास पत्नी पणाला लावण्याचा अधिकार उरला होता काय? भीष्म धर्माची गती सूक्ष्म म्हणून निर्णय देत नाहीत. विकर्ण उत्तर देतो, कर्ण ते खोडून काढतो. शेवटी धृतराष्ट्र द्रौपदीला वर देतो. तिच्या प्रश्नाचे उत्तर सभेकडून येत नाही.