‘माझी मैना’ची राजकीय भूमिका

शाहीर अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीविषयी मराठी रसिकांत दुमत क्वचितच आढळेल. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ती सभांतून गाजली आणि चळवळ संपल्यावरही लोकांच्या ओठी राहिली. परंतु लोकप्रियता हा निर्णय नव्हे. या गीताने जी राजकीय भूमिका मांडली, ती कितपत खरी आहे, हा प्रश्न टीकेने विचारलाच पाहिजे. आणि तो बिदर जिल्ह्यातील निर्ण्यासारख्या गावी उभे राहून विचारला तर त्याचे उत्तर पुण्यामुंबईतल्या उत्तराहून काहीसे वेगळे येते, असे आम्हांस वाटते.

अशा गीतांच्या बाबतीत एक चुकीची कसोटी वारंवार लावली जाते, ती यशाची. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा गीताचे म्हणणे सिद्ध झाले, असा हा युक्तिवाद आहे. तो ग्राह्य मानला तर उलट बाजूही मान्य करावी लागेल. २००४ साली ‘ग्रीन डे’ या अमेरिकन वाद्यवृंदाने ‘अमेरिकन इडियट’ हा पंक रॉक गीतांचा संग्रह काढला. युद्धकाळातील उन्माद आणि त्याला खतपाणी घालणारी प्रसारमाध्यमे यांवर त्यात प्रहार होता. संग्रह अमाप खपला. तथापि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बुश हेच पुन्हा अध्यक्ष निवडून आले. एवढ्यावरून त्या गीतांचा आशय खोटा ठरतो काय? ठरत नसेल, तर १९६० च्या विजयाने आपल्या छक्कडीचा आशय खराही ठरत नाही. गीताची राजकीय भूमिका त्याच्या रचनेतच तपासावी लागते.

ती रचना अशी आहे. पोटासाठी मुंबईस निघालेला एक कष्टकरी आपल्या पत्नीचे रूप आळवतो, भल्या पहाटेचा निरोप आठवतो, आणि मग आपल्या विरहाची तुलना तुटलेल्या महाराष्ट्राशी करतो. येथे शाहिराने मोठेच काम केले आहे. भाषावार राज्याची मागणी तोवर ठरावांच्या आणि परिषदांच्या भाषेत बोलत होती. तिला त्याने मजुराच्या तोंडचे शब्द दिले. १९४४ च्या सुमारास अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह ‘लाल बावटा कलापथक’ उभारणाऱ्या अण्णा भाऊंना प्रदेशाचा प्रश्न पोटाच्या प्रश्नापासून वेगळा दिसूच शकत नव्हता. लावणीच्या घराण्यातला शृंगार त्यांनी प्रचारासाठी वरवर वापरला नाही. त्या शृंगारातूनच त्यांचे राजकारण उगवले.

तथापि या तुलनेत एक फट आहे. नवराबायकोची ताटातूट गरिबीने केली, हे गीत स्वतःच सांगते. महाराष्ट्राची ताटातूट राज्यरचनेने केली. दोहोंची कारणे भिन्न, म्हणून उपायही भिन्न. राज्य झाले, मुंबई मिळाली. पण गावी राहिलेल्या मैनेचा धनी त्यामुळे घरी परतला नाही. उपमेच्या बळावर श्रोता हे अंतर विसरतो. गीताचे सामर्थ्य यातच आहे, आणि त्याच्या राजकीय भूमिकेची दुर्बलताही यातच.

निर्ण्याहून दुसरी फट दिसते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विभागले गेले, तेव्हा बिदर जिल्हाही दुभंगला. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, राहिले. छक्कडीच्या परिचित पाठात कारवार, उंबरगाव, डांग आणि बेळगाव यांची दखल आहे, बिदरची नाही. यासाठी शाहिरास दोष देणे अन्यायाचे होईल, कारण गीत म्हणजे गावांची यादी नव्हे. परंतु अधिक विचार करण्याजोगी गोष्ट ही की, दोघांच्या प्रीतीचे रूपक या भूमीला पुरत नाही. येथे कानडी, मराठी, उर्दू आणि तेलुगू या भाषा एकाच बाजारात नांदतात. हुमनाबादजवळच्या माणिकनगरच्या माणिकप्रभूंनी एकोणिसाव्या शतकात मराठीबरोबर कानडीत आणि हिंदुस्तानीतही पदे रचली. अशा घरात एकच धनी आणि एकच मैना कशी कल्पावी?

आणि मैना बोलते कोठे? धनी तिला दागिन्यांची वचने देतो, हसविण्याची पराकाष्ठा करतो. ती हसत नाही, काही बोलतही नाही. आमच्या मते साऱ्या गीतातील सर्वांत सत्य जागा हीच. महाजन आयोग १९६६ साली नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, महाराष्ट्राने तो नाकारला. २००४ साली महाराष्ट्र शासनाने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. या दीर्घ काळात सीमाभागाविषयी दोन्हीकडून वचने पुष्कळ दिली गेली. सीमाभागाला मात्र बहुधा कोणी विचारले नाही. न हसणाऱ्या मैनेच्या रूपाने शाहिराने, कदाचित अजाणता, हे चित्र आधीच रेखाटून ठेवले आहे.

म्हणून आमचा निर्णय असा: या गीताची घोषणा अर्धी खरी आहे, पण त्यातील चित्र पूर्ण खरे आहे. वर्गात ते शिकविताना शिक्षकांनी चळवळीचा इतिहास अवश्य सांगावा. मात्र तेथेच थांबू नये. मैनेला काय म्हणावयाचे असेल, हे विद्यार्थ्यांना लिहावयास सांगावे. निर्ण्याचा विद्यार्थी जे लिहील ते साताऱ्याच्या विद्यार्थ्याहून निराळे असेल, आणि त्या निराळेपणाला जागा देण्याइतके हे गीत मोठे आहे.