पात्राला शोभणारी गाडी

लेखक आपल्या पात्राला घर देतो, पोशाख देतो, बोली देतो. अमेरिकन चित्रपटात त्याला बहुधा मोटारगाडीही द्यावी लागते, आणि पुष्कळदा तीच त्या पात्राविषयी सर्वांत खरे बोलते. १९६०च्या दशकात अमेरिकन कारखान्यांनी साध्या गाड्यांत आठ सिलिंडरांची दांडगी इंजिने बसविली. तिकडे अशा गाड्यांना 'मसल कार' म्हणतात. 'बुलिट' (१९६८) या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनच्या अबोल पोलीस अधिकाऱ्याला हिरवी फोर्ड मस्टँग मिळाली आणि मारेकऱ्यांना काळी डॉज चार्जर. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर वेगाला वेग भिडतो. निवड अचूक आहे. पण गाडी तेथे शौर्याचे साधन आहे, त्याहून अधिक काही नाही.

आम्हाला अधिक मोलाची वाटते ती क्लिंट ईस्टवुड यांच्या 'ग्रॅन टोरिनो' (२००८) मधील निवड. डेट्रॉइटच्या परिसरात राहणारा वॉल्ट कोवाल्स्की हा पोलिश वंशाचा कॅथलिक, कोरियन युद्धातील सैनिक आणि फोर्डचा निवृत्त कामगार. पत्नी नुकतीच वारली आहे. शेजारी लाओसमधून आलेल्या ह्मोंग लोकांची घरे आहेत आणि ती त्याला खुपतात. अशा माणसाला मस्टँग शोभली नसती; ती तारुण्याची गाडी. त्याला दिली आहे १९७२ची ग्रॅन टोरिनो स्पोर्ट. त्या सुमारास धुराविषयीचे नियम आणि विम्याचे वाढते हप्ते यांमुळे मसल कारचे दिवस भरत आले होते. बाहेरून बलदंड, पण जिचे युग सरले आहे अशी ही गाडी म्हणजे वॉल्टच होय. शिवाय कारखान्यात तिचे स्टिअरिंग त्याने स्वतःच्या हातांनी बसविलेले आहे. तो ती धुतो, पुसतो, न्याहाळतो. रोजचे काम मात्र जुन्या पिकअप ट्रकवर भागवितो. गाडी जपावी तसे त्याने आपले अंतःकरण कुलपात जपले आहे.

या गाडीवर इतरांचा डोळा आहे. आजीच्या अंत्यविधीच्या दिवशीच नात विचारते, तुमच्यामागे हिचे काय? शेजारचा ताओ गुंडांच्या दडपणाखाली ती चोरायला येतो. एकीला ती आयती हवी आहे, दुसरा भीतीपोटी हात घालतो. पुढे वॉल्ट याच मुलाच्या हातात हत्यारे देतो आणि त्याला काम शिकवितो.

धर्मगुरू या नात्याने आम्हाला सर्वांत बोचला तो पापनिवेदनाचा प्रसंग. पत्नीच्या शेवटच्या इच्छेखातर तरुण फादर यानोविच वॉल्टच्या मागे लागलेले असतात. अखेर तो येतो आणि दोन किरकोळ चुका सांगतो. तिसरी गोष्ट मात्र किरकोळ नाही : पोटच्या मुलांशी त्याला कधी जवळीक साधता आली नाही. कोरियात शरण येऊ पाहणाऱ्या पोराला मारल्याचे शल्य तो तेथे उघड करीत नाही. ते तो नंतर तळघराच्या दाराच्या जाळीतून ताओला सांगतो. चर्चमधील जाळी मोकळी पडावी आणि तळघरातील जाळीने ऐकावे, हा दिग्दर्शकाने आम्हा धर्मगुरूंना मारलेला टोला आहे. तो आम्ही निमूटपणे स्वीकारतो. ऐकणाऱ्यावर विश्वास बसायला आधी त्याच्यासोबत काही दिवस काढावे लागतात.

चित्रपट निर्दोष नाही. ह्मोंग गुंडांची टोळी केवळ खलत्वासाठी उभी केली आहे, आणि मृत्यूच्या क्षणी वॉल्टचे हात क्रुसासारखे पसरलेले दाखविणे आम्हाला अनावश्यक वाटले. त्याआधीची कृतीच पुरेशी बोलकी होती.

मृत्युपत्रात घर चर्चला जाते, गाडी ताओला. तीही अटींवर : छप्पर कापायचे नाही, ज्वाळा रंगवायच्या नाहीत. वॉल्ट शेवटपर्यंत वॉल्टच राहतो, म्हणून हे दान खरे वाटते. स्वतःच्या मुलांना ज्याला वाट दाखविता आली नाही, त्याने आपल्या हाताने बसविलेले स्टिअरिंग शेजाऱ्याच्या मुलाच्या हाती दिले. सरोवराकाठच्या रस्त्याने ताओ ती गाडी नेतो, शेजारी म्हाताऱ्याचा कुत्रा. इतकी वर्षे ती वॉल्टच्या मालकीची होती. आम्हाला विचाराल तर, दुसऱ्याला दिली त्या दिवशी ती खऱ्या अर्थाने त्याला शोभली.