पडद्यावरचे मिग आणि 'वास्तव' हा शब्द

घरच्या संगणकावर लढाऊ विमाने उडवणारे छांदिष्ट 'वास्तव' हा शब्द फार काटेकोरपणे वापरतात. 'डीसीएस वर्ल्ड' या सिम्युलेटरसाठी २०१४ साली आलेले मिग-२१ बिस हे त्याचे उत्तम उदाहरण. येथे एक कळ दाबली की विमान उडाले, असे होत नाही. बॅटरी, इंधनपंप, इंजिन असा क्रम सांभाळावा लागतो. उतरताना वेग कमी पडला तर विमान आदळते. श्रीवर्धनच्या घरी हा क्रम चुकत-माकत शिकायला मला एक अख्खा पावसाळा लागला. हे श्रम खरे आहेत.

तरीही प्रश्न उरतो. हेच विमान नाशिकजवळ ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये बांधले जात असे. १९६३ साली चंदीगडला हवाई दलात दाखल झालेले मिग-२१ तेथूनच २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाले. मधल्या ६२ वर्षांत अनेक तरुण वैमानिक त्याच्या अपघातांत गेले. सिम्युलेटरने विमानाचा अवघड स्वभाव पकडला, पण त्या स्वभावाची किंमत वगळली. वळणावर शरीरावर येणारा भार खुर्चीत जाणवत नाही आणि आदळल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येते.

म्हणून याला युद्धाचे नव्हे, कौशल्याचे वास्तव म्हणावे. त्याने या छंदाला कमीपणा येत नाही. अपघाताच्या जुन्या बातमीत 'वैमानिकाची चूक' हे शब्द आले, की मला आता ते नुसते वाचून पुढे जाता येत नाही.