डब्यांतला शब्द

व्याकरणाचा तास मुलांस रुक्ष वाटतो ही तक्रार जुनी आहे, आणि तिच्यावर खेळाचा उतारा सुचविणें हेंही आतां नवें राहिलेलें नाहीं. आठ डबे मांडावे, त्यांवर नाम, सर्वनाम, विशेषण अशीं नांवें चिकटवावीं, एकेक शब्द लिहिलेल्या चिठ्ठ्या मुलांच्या हातीं द्याव्या, आणि जो गट त्या आधीं डब्यांत टाकील तो जिंकला असें म्हणावें, असा हा खेळ. मुलें त्यांत रमतात, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु रमणें आणि शिकणें यांत जें अंतर आहे, त्याकडे या खेळाचे कैवारी पाहत नाहींत, असें आमचें मत आहे.

मालवणच्या दक्षिणेस, कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीवर देवबाग वसलें आहे. तेथील वर्गांत 'ओढ' ही चिठ्ठी निघाली अशी वाचकांनीं कल्पना करावी. ज्या मुलाच्या डोळ्यांपुढें किनाऱ्यावर रापणीचा दोर ओढणारीं माणसें आहेत, तो ती निःशंकपणें क्रियापदाच्या डब्यांत टाकील. ओहोटीच्या वेळीं नदीच्या मुखाशीं पाण्याला केवढी ओढ असते हें ज्याला आठवलें, तो ती नामाच्या डब्यांत टाकील. दोघांचेंही बरोबर आहे. पण शिक्षकाच्या कागदावर डबा एकच लिहिलेला असतो, आणि गुण एकालाच मिळतो. दुसऱ्याला त्या दिवशीं समजतें तें इतकेंच कीं, आपल्या घरचें मराठी शाळेंत चालत नाहीं. भाषा शिकविण्याच्या तासाला याहून वाईट फळ कोणतें येणार?

शब्दाची जात त्याच्या अंगावर लिहिलेली नसते. ती वाक्यांतल्या कामावरून ठरते. 'वर चढ' यांतील 'वर' क्रियाविशेषण, 'होडीवर' यांतील शब्दयोगी, आणि बोहल्यावरचा वर तर सरळ नाम! शब्दयोगी अव्ययांनीं या खेळाची आणखीच फजिती होते. इंग्रजींत तसले शब्द नामापासून अलग उभे असतात, त्यामुळें त्यांची चिठ्ठी सहज होते. आमच्याकडे 'झाडाखालीं' हें एकजीव असतें. कात्रीनें कापलें तर हातांत 'झाडा' उरतें, आणि तें कोणत्याही डब्यांत नीट बसत नाहीं.

आठ हा आंकडा तरी कोठला? यास्कानें चार पदजाती मानल्या, पाणिनीनें सुबन्त व तिङन्त अशीं दोनच पदें मानलीं. दादोबा पांडुरंगांनीं १८३६ सालीं मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें तें इंग्रजी व्याकरणाचा नमुना समोर ठेवून. आमची शालेय मांडणी त्याच वळणाची आहे. मोरो केशव दामल्यांनीं १९११ च्या आपल्या मोठ्या ग्रंथांत ज्या विषयाचा एवढा खल केला, तो डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून मिटलेला समजणें हें धाडसच म्हणावें लागेल.

खेळाचे पुरस्कर्ते माँटेसोरीबाईंचें नांव घेतात. त्यांच्या पद्धतींत नामाला काळा त्रिकोण आणि क्रियापदाला तांबडें वर्तुळ आहे खरें, पण हीं चिन्हें वाक्यांतील शब्दांच्या डोक्यावर ठेवावयाचीं असतात. त्यांच्या पेट्यांतील चिठ्ठ्याही वाक्यें जुळविण्यासाठीं आहेत. क्रियापद तर त्यांचीं मुलें आज्ञा वाचून आणि ती करून दाखवून शिकतात. गिजुभाई आणि ताराबाई मोडक यांनीं १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापिला, तेव्हांपासून ही पद्धति मराठी शिक्षकांस अपरिचित नाहीं. तरीहि आमच्या अनुकरणांत रंग आला, पेटी आली, आणि वाक्य मात्र वाटेंत राहिलें.

देवबागेंत हा खेळ निराळा खेळतां येईल. फळ्यावर 'दोर ओढ' लिहावें. मुलें उठून ओढूं लागतील. मग 'पाण्याला ओढ आहे' लिहावें. कोणी जागचें हलणार नाहीं. शब्द तोच असतां आपण कां हललों नाहीं, हें मुलांनाच विचारावें, आणि उत्तर येईपर्यंत शिक्षकानें गप्प बसावें. या खेळांत कोणी जिंकत नाहीं, तास थोडा लांबतो, आणि तपासणीस आलेल्या साहेबांपुढें ठेवावयास भरलेला डबा नसतो.