९६ टक्के कशाचे? 'हीट-रे' वाचताना पडलेले प्रश्न

नेट झालेले, पेट देऊन निकालाची वाट बघणारे, असे बरेच जण मला विचारतात की रिसर्चचा टॉपिक कसा शोधायचा. मी टॉपिक सुचवत नाही. एक पेपर हातात देते आणि सांगते, यात तुम्हाला न पटलेली एक जागा मला दाखवा. पेपर भिकार असेल तर हे काम सोपं असतं आणि त्यातून काही शिकायला मिळत नाही. पेपर चांगला हवा. म्हणून आज मी माझ्या आवडत्या पेपरवर हा प्रयोग करते आहे.

पेपरचं नाव 'हीट-रे'. जॉन ड्युनागन, अ‍ॅलिस झेंग आणि डॅनियल सायमन या मायक्रोसॉफ्टमधल्या तिघांनी तो २००९ साली एसओएसपी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या परिषदेत मांडला. कंपनीच्या नेटवर्कवर अ‍ॅडमिनचे अधिकार कुणाकुणाकडे आहेत, त्यातले कुठले काढून घेता येतील, आणि ते माणसाला न वैतागवता कसं ठरवायचं, हा त्याचा विषय. दावा मोठा आहे. काही लाख वापरकर्ते आणि मशीन असलेल्या संस्थेच्या डेटावर, जिथून मोठा हल्ला सुरू होऊ शकतो अशा मशीनची संख्या ९६ टक्क्यांनी कमी करता येते, असं ते म्हणतात.

हल्ला कसला, तर त्याला त्यांनी 'आयडेंटिटी स्नोबॉल' म्हटलंय. आपल्या सोसायटीचं उदाहरण घ्या. चोर एका फ्लॅटमध्ये शिरला. नेमका तिथे इलेक्ट्रिशियन कामाला आलेला होता आणि त्याच्याकडे दहा फ्लॅटच्या किल्ल्या होत्या. चोराने त्या उचलल्या. त्या दहांपैकी एका घरी प्लंबर सापडला, त्याच्याकडे शेजारच्या विंगच्या किल्ल्या. असं करत करत चोर सेक्रेटरीच्या कपाटापर्यंत पोचतो आणि त्याला एकही कुलूप फोडावं लागत नाही. कॉम्प्युटरवर हेच होतं: एका मशीनवर ताबा मिळाला की तिथे लॉगिन असलेल्या माणसाची ओळख वापरायची, त्या माणसाला ज्या मशीनवर अधिकार आहेत तिथे जायचं, आणि पुन्हा तेच.

हीट-रे हे सगळं ग्राफमध्ये मांडतं. मशीन, अकाउंट, ग्रुप हे ठिपके. 'इथे लॉगिन आहे', 'याचा सभासद आहे', 'यावर अ‍ॅडमिन आहे' या रेघा. मग कमीत कमी रेघा पुसून ग्राफचे मोठाले तुकडे कसे पडतील ते शोधायचं. स्पार्सेस्ट कट नावाचा जुना प्रश्न आहे हा. पण रेघ पुसण्याची किंमत सारखी नसते. बॅकअप सर्व्हरचा अधिकार काढला तर हाहाकार होईल, तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या इंटर्नचा काढला तर कुणाला कळणारही नाही. ही किंमत प्रोग्रामला ठाऊक नसते. म्हणून तो काही रेघा सुचवतो, आयटीचा माणूस 'चालेल' किंवा 'नको' म्हणतो, त्या उत्तरांवरून मशीन लर्निंगने तशाच इतर रेघांची किंमत सुधारली जाते, आणि पुढची फेरी सुरू होते.

हे मला अजूनही फार सुंदर वाटतं. कामापुरताच अधिकार द्यावा हे तत्त्व सॉल्ट्झर आणि श्रोडर यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय आणि तेव्हापासून प्रत्येक पाठ्यपुस्तकात ते छापलं जातंय. पण 'कामापुरता म्हणजे किती' हे कोण ठरवणार, यावर बहुतेक पुस्तकं गप्प असतात. हीट-रे गप्प बसत नाही. शिवाय, अ‍ॅडमिन कोण आहे ही यादी पुरेशी नाही, अ‍ॅडमिन कोण होऊ शकतो हे विचारायला हवं, हेही त्यात स्पष्ट आहे. २०१६ साली ब्लडहाउंड नावाचं टूल आलं आणि हाच ग्राफचा विचार हल्लेखोर आणि राखणदार अशा दोघांच्याही हातात पडला. पेपर सात वर्षं पुढे होता म्हणायला हरकत नाही.

आता न पटलेलं.

आधी ते ९६ टक्के. कुठलाही टक्का दिसला की 'कशाचे' हे विचारायची सवय लावून घ्या. इथे मोजलंय ते ग्राफवरून: किती मशीनपासून निघालं तर मोठ्या भागापर्यंत पोचता येतं. म्हणजे ज्या रेघा ग्राफमध्ये आल्या त्यांच्यापुरता हा आकडा खरा. ज्या आल्याच नाहीत त्यांच्याबद्दल तो काहीच बोलत नाही, आणि हल्लेखोर आपला ग्राफ बघून चालत नाही. उरलेल्या चार टक्क्यांचाही प्रश्न आहेच, पण तो मला त्या मानाने किरकोळ वाटतो. पोचता येणाऱ्या जागा कमी झाल्या तर पहारा ठेवणं सोपं होतं, हा फायदा खोटा नाही.

रेघा येतात कुठून? ग्रुपची सभासदत्वं डिरेक्टरीत लिहिलेली असतात, ती कधीही वाचता येतात. लॉगिनचं तसं नाही. त्याच्यावर काही काळ लक्ष ठेवावं लागतं. आणि तुमच्या त्या काळात जो माणूस त्या मशीनवर बसलाच नाही, त्याची रेघ नाही. फक्त ३१ मार्चला जागं होणारं एखादं जुनं अकाउंट जुलैमधल्या डेटात दिसणार कसं?

इथे जरा रेंगाळते, कारण तुमच्यापैकी जे अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा डेटा घेऊन काम करणार आहेत ते हमखास इथेच पडतात. मीही पडले होते. 'सगळी प्रिव्हिलेज्ड अकाउंट्स शोधा' म्हटलं की कुणीतरी सांगतं, अ‍ॅडमिनकाउंट नावाचा रकाना १ असलेली काढ. सोपं वाटतं. पण एखादं अकाउंट डोमेन अ‍ॅडमिन्ससारख्या संरक्षित ग्रुपमध्ये आलं की दर तासाला चालणारी एक प्रक्रिया तो रकाना १ करते, आणि अकाउंट ग्रुपमधून काढलं तरी तो १ तसाच राहतो. म्हणजे यादीत माजी अ‍ॅडमिनही आले. उलट बाजूला, डोमेनची नक्कल मागण्याचा हक्क असलेलं अकाउंट कुठल्याही अ‍ॅडमिन ग्रुपमध्ये नसतानाही सगळ्यांच्या पासवर्डचे हॅश डोमेन कंट्रोलरकडून मागून घेऊ शकतं. क्लाउडशी पासवर्ड जुळवत ठेवणाऱ्या सिंक सर्व्हिसच्या अकाउंटला हा हक्क द्यावाच लागतो. त्याचा अ‍ॅडमिनकाउंट रिकामा असू शकतो. म्हणजे नको ते यादीत आणि हवं ते यादीबाहेर, दोन्ही एकाच वेळी.

'शेवटचं लॉगिन कधी' याचंही तेच. लास्टलॉगॉन हा रकाना प्रत्येक डोमेन कंट्रोलरवर वेगळा असतो, एकमेकांना कळवला जात नाही. लास्टलॉगॉनटाइमस्टॅम्प कळवला जातो, पण तो मुळातच दोन आठवड्यांपर्यंत मागे असू शकतो. पहिला रकाना एकाच कंट्रोलरवरून उचललात, तर रोज वापरात असलेलं अकाउंट 'मृत' दिसेल. मी एका सेमिनारमध्ये असा तक्ता दाखवला होता. मॅडमनी एवढंच विचारलं, "कंट्रोलर किती होते?" बाकीचा सेमिनार मी उभी होते फक्त.

आता मुख्य आक्षेप. हीट-रेची सगळी शिकवण आयटीच्या माणसाच्या 'चालेल' आणि 'नको' वर उभी आहे. म्हणजे त्याला उत्तर माहीत आहे असं धरलंय. माणसांच्या अकाउंटबाबत ते बऱ्यापैकी खरं असतं. अधिकार लागतो का हे त्या माणसालाच फोन करून विचारता येतं. सर्व्हिस अकाउंटला कुणाला फोन करणार? ते कुणीतरी, कधीतरी, एखादं सॉफ्टवेअर बसवताना बनवलेलं असतं. बसवणारा व्हेंडरचा माणूस "सध्या डोमेन अ‍ॅडमिन देऊन ठेवा, नंतर कमी करू" म्हणून गेलेला असतो. ते 'नंतर' येत नाही.

मी हे पुस्तकातून सांगत नाहीये. पीएचडीला येण्याआधी दोन वर्षं मी एका कंपनीच्या आयटीत होते. ऑडिटसाठी अकाउंट शोधणारं टूल चालवलं, त्यात एक सर्व्हिस अकाउंट निघालं: डोमेन अ‍ॅडमिन्समध्ये, पासवर्ड कित्येक वर्षं तोच. असं अकाउंट बघून घाम फुटतो त्याला कारण आहे. डोमेनमधला कुठलाही साधा वापरकर्ता अशा सर्व्हिसचं तिकीट मागू शकतो, तिकिटाचा एक भाग त्या अकाउंटच्या पासवर्डपासून बनलेल्या किल्लीने बंद केलेला असतो, आणि मग तो घरी नेऊन निवांत अंदाज करत बसता येतं. टिम मेडिन यांनी २०१४ मध्ये हे दाखवलं, केर्बरोस्टिंग म्हणतात त्याला. मी चार जणांना विचारलं, हे अकाउंट कशाचं? कुणालाच माहीत नव्हतं. एक जण म्हणाला, "चालेल, बदलून टाक." गुरुवारी बदलला. काही झालं नाही. शुक्रवारी मी रिपोर्टमध्ये त्या ओळीपुढे 'निकाली' लिहिलं.

तांत्रिक गंमत अशी की पासवर्ड डिरेक्टरीत बदलला तरी सर्व्हरवर सर्व्हिसच्या सेटिंगमध्ये साठवलेला जुनाच राहतो. चालू असलेली सर्व्हिस लगेच पडते असं नाही. ती पुन्हा सुरू होताना अडते. पुढच्या बुधवारी पॅच टाकून सर्व्हर रीस्टार्ट झाले आणि बॅकअपची सर्व्हिस उठलीच नाही. लॉगमध्ये ७०३८ क्रमांकाची नोंद पडली होती, लॉगिन जमत नाही म्हणून. ती बघायचं काम कुणाचंच नव्हतं. तीन आठवड्यांनी अकाउंट्समधल्या एका ताईंची फाईल उडाली आणि बॅकअप मागितला तेव्हा कळलं. त्यांनी कित्येक दिवसांच्या नोंदी व्हाउचरं समोर ठेवून पुन्हा टाइप केल्या, दोन रविवार येऊन. पासवर्ड मी बदलला होता हे सांगायला मला दोन दिवस लागले. त्या काही बोलल्या नाहीत. "अगं, मला आधी विचारायचं ना, रात्री काय चालतं ते मला माहीत असतं," एवढंच. मी विचारलेल्या चार जणांत त्या नव्हत्या, कारण त्या आयटीत नव्हत्या.

तर हीट-रेच्या भाषेत सांगायचं, तर 'चालेल' हे लेबल चुकीचं होतं. आणि अशा लेबलवरून शिकलेला प्रोग्राम काय शिकेल? की अशाच प्रकारच्या रेघा स्वस्त आहेत, बिनधास्त पुसा. माझी एक चूक त्याने इमानदारीने शंभर ठिकाणी नेली असती. मला वाटतं तिसरं बटण हवं होतं: 'माहीत नाही'. हे उत्तर टाकून देण्यासारखं नाही, तोच खरा शोध आहे. ज्याचा मालक सापडत नाही अशी रेघ ही महाग रेघ नव्हे आणि स्वस्तही नव्हे, तिची किंमत अजून ठरलेलीच नाही. त्यावर उपाय कॉम्प्युटरच्या आत मिळेलच असं नाही, कधी दुसऱ्या मजल्यावर चालत जावं लागतं. ज्याचा पासवर्ड विंडोज स्वतःच, मुळात ठरलेल्या ३० दिवसांनी बदलतं, असं ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट २०१२ पासून मिळतं, ते चांगलंच आहे. पण सर्व्हिस कुठे चालते हे ठाऊक नसेल तर ते बसवणार कुठे?

एवढा आक्षेप घेताना अन्याय नको. २००९ मध्ये कंपनीचं बहुतेक जग विंडोज डोमेनच्या आत होतं आणि पेपरचा ग्राफ त्या जगाला शोभणारा आहे. आज रेघा भलत्याच ठिकाणी असतात. जानेवारी २०२४ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की मिडनाइट ब्लिझार्ड या गटाने नोव्हेंबर २०२३ पासून त्यांच्या वरिष्ठांच्या ईमेलपर्यंत मजल मारली. सुरुवात एका जुन्या चाचणीच्या क्लाउड टेनंटमधल्या अकाउंटपासून, नेहमीचे पासवर्ड अनेक अकाउंटवर टाकून बघत. त्यावर मल्टिफॅक्टर नव्हतं. तिथून पुढची उडी एका जुन्या चाचणी ओऑथ अ‍ॅपवरून, ज्याला कंपनीच्या मुख्य वातावरणात भारी अधिकार होते. म्हणजे मधली रेघ एका अ‍ॅपची, कुणा माणसाच्या लॉगिनची नाही. चाचणी संपल्यावर त्या अ‍ॅपची आठवण कुणाला होती, हा माझा प्रश्न. आणि सगळे पासवर्ड तिजोरीत ठेवले तरी भागतं असं नाही: सप्टेंबर २०२२ मध्ये उबरमध्ये शिरलेल्या हल्लेखोराचा दावा होता की पासवर्डच्या तिजोरीची अ‍ॅडमिन किल्ली त्याला नेटवर्क शेअरवरच्या एका स्क्रिप्टमध्ये उघडी सापडली.

पेपर वाचायला घ्याल तेव्हा गणिताचा भाग पहिल्यांदा ओलांडून जा. आधी हे शोधा की डेटा कुठून आला, 'चालेल' कोण म्हणालं, आणि तो माणूस चुकला असता तर पेपरमध्ये कुठे दिसलं असतं. माझा सध्याचा घोळ तिसऱ्या बटणाचाच आहे. मॅडम म्हणतात, किंमत न ठरलेल्या रेघा ठेवल्या तर कट काढणार कसा, गणितच उभं राहत नाही. बरोबर आहे त्यांचं. मी त्या रेघांना किंमतीची एकच संख्या न देता खालची-वरची मर्यादा देऊन बघते आहे. लहान ग्राफवर चालतं, मोठ्यावर मशीन धापा टाकतं.

गेल्या महिन्यात जुन्या कंपनीतल्या मित्राला सहज विचारलं, ते अकाउंट आहे का रे अजून? आहे म्हणाला. डोमेन अ‍ॅडमिन्समध्येच आहे. आता त्यांच्याकडे नवीन टूल आलंय, त्यात प्रत्येक अकाउंटपुढे मालकाचा रकाना भरावाच लागतो, रिकामा ठेवता येत नाही. पासवर्ड शेवटचा ज्याने बदलला त्याचं नाव टाकलंय. तिथे माझं नाव आहे.