रूप राखलं, वारा अडवला

जुन्या वास्तूंचं जतन आणि विजेची बचत यांचं जमत नाही, असं आपण धरूनच चालतो. आज हे गृहीतकच तपासू.

व्हिएन्नाचे कला-इतिहासकार आलोइस रीग्ल यांनी १९०३ साली स्मारकांच्या मूल्यांवर एक निबंध लिहिला. जुनेपणाचं मूल्य, ऐतिहासिक मूल्य, उपयोगमूल्य ही त्यांची फोड जतनाच्या चर्चेत आजही वापरली जाते. या मूल्यांत भांडण लागतं, हे त्यांनी स्पष्ट मांडलं. जुनेपणा म्हणतो, हात लावू नका. उपयोग म्हणतो, राहायचं तर दुरुस्त करा. ही फोड मोलाची आहेच. पण आपल्या हवामानात ती अपुरी पडते, असं आमचं म्हणणं आहे.

मुंबईत ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडच्या आर्ट डेको इमारती बघा. २०१८ साली त्या जागतिक वारसा यादीत गेल्या. त्यांच्या खिडक्यांवरून भुवईसारखा वळत जाणारा छज्जा ही शोभा की सोय? ऊन तोच अडवतो, पाऊसही तोच. किंवा पुण्याचा वाडा घ्या. जाड भिंती दुपारची उष्णता उशिरा आत सोडतात, चौकातून तापलेली हवा वर निघून जाते. इथे उपयोग हाच इतिहास आहे. मग दोघांचं भांडण कसलं?

आणि आपण काय करतो? दर्शनी भाग रंगवतो आणि त्याच छज्जावर एसीचं यंत्र बसवतो. चौकावर पत्रा टाकतो. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देतो. मग आतली ओल बाहेर पडत नाही, भिंत पोखरत जाते. रूप राहिलं, वास्तूची रीत गेली. वर विजेचं बिल वाढलं. याला जतन म्हणायचं का?

कुणी म्हणेल, सर, तुम्ही वाड्यात राहून दाखवा! आक्षेप रास्त आहे. आज खिडकी उघडली की गोंगाट, धूर, डास. उकाड्यात तळमळणाऱ्या म्हाताऱ्या भाडेकरूला वारशाचे धडे देणं हा दुष्टपणा होईल. पंखा, एसी त्याच्या हक्काचा आहे.

म्हणून मुद्दा क्रमाचा आहे. आधी मोजा : उष्णता छपरातून येते की काचेतून? मग वास्तूची स्वतःची साधनं दुरुस्त करा : बुजवलेले झरोके, मोडलेल्या झडपा, चुन्याचा गिलावा. कौलांखाली उष्णतारोधक थर घाला, पण उद्या काढता येईल असा. एवढं करून जे उरेल, त्यासाठी यंत्र. ते लहान पुरेल.

तेव्हा परवानगी देणाऱ्यांनी आणि आपणही, इमारत रस्त्यावरून कशी दिसते एवढंच विचारून थांबू नये. आत राहणाऱ्याला ती मे महिन्यात कशी वागवते, हेही विचारावं.